दिगंबररावांचं नाव घेतलं तो चैत्र

चैत्र लागला की मी माळ्यावरून वाळ्याची ताटी खाली काढते. वर्षभर ती अंग आखडून पडलेली असते. काड्या सुटलेल्या, धूळ बसलेली, एका कोपऱ्यात उंदरानं संसार मांडलेला. झटकून, सुतळीनं बांधून दाराला उभी केली आणि पाण्याचा पहिला तांब्या तिच्यावर मारला की ती जागी होते. बाहेरची झळ तिच्यातून आत येताना आपला राग बाहेरच ठेवून येते. वास म्हणाल तर मुळांचा, ओल्या मातीचा, जुन्या रांजणाच्या तळाचा. हा वास आला की मला एकच उन्हाळा आठवतो. नागपुरात मी पुष्कळ उन्हाळे काढले. पण आठवायला बसलं की बाकीचे सगळे त्या एकाच्या सावलीत जाऊन बसतात.

यंदा तो जरा लवकर आठवला, आणि रागानं आठवला.

माझ्या यजमानांना जाऊन वर्ष झालं म्हणून त्यांच्या विद्यार्थ्यांनी सभा घेतली. मी बायकांच्या बाजूला, खांबाच्या आड बसले होते. खांब असला की मला बरं वाटतं. एकेक जण उठून बोलत होता. समाजवादी विचारवंत. अर्थशास्त्राचे गाढे अभ्यासक. गिरणीकामगारांचे कैवारी. सगळं खरं होतं. मग वामनराव उठले. हे यांचे सगळ्यात लाडके विद्यार्थी, आता स्वतः कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. ते म्हणाले, सरांचं सगळं लेखन एकत्र छापायचं ठरलं आहे. मग जरा थांबून म्हणाले, "मध्यंतरी पोटासाठी सरांना काही डिटेक्टिव्ह गोष्टी लिहाव्या लागल्या. तेवढ्या आपण पोटात घालू." लोक मायेनं हसले.

मी हसले नाही. तुम्ही काय त्या पोटात घालता? त्यांनीच आमच्या पोटात दोन घास घातले होते.

घरी आले आणि पाठकोरे कागद काढून लिहायला बसले. माझं शिक्षण मराठी चौथी, तेही कळमेश्वरच्या शाळेतलं. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. कागदाला मात्र मी भीत नाही. तो मध्येच "जरा मोठ्यानं बोला" म्हणत नाही.

तर तो उन्हाळा.

तेव्हा आम्ही धंतोलीत एका मालगुजारांच्या, म्हणजे आमच्याकडच्या जमीनदारांच्या, बंगल्यामागे दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. पुढे त्यांचा बंगला, मागे आम्ही, मध्ये विहीर आणि कडुनिंब. मालगुजार कॉलेजच्या कमिटीवरही होते, म्हणजे यांचे दोन्हीकडून मालक. त्या हिवाळ्यात गिरणीत संप झाला आणि हे फाटकासमोरच्या पिंपळाच्या पारावर उभे राहून बोलले. कमिटीनं बोलावून घेतलं. पुन्हा तिकडे जाणार नाही असं लिहून द्या, म्हणाली. हे म्हणाले, "माझं अक्षर फार वाईट आहे," आणि राजीनामा मात्र वळणदार अक्षरात लिहून दिला.

संक्रांतीचे दिवस होते. हे घरी आले, टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "झालं. उद्यापासून मी नुसता दिगंबरराव."

दिगंबर काळोखे हे यांचं दुसरं नाव. त्या नावानं हे एका मासिकात डिटेक्टिव्ह गोष्टी लिहीत. बाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. कॉलेजात कळलं असतं तर लोक हसले असते; यांच्या कामगारमंडळींना कळलं असतं तर ते रागावले असते. मला मात्र ते नाव फार आवडायचं. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी आजही इथे ते लिहिलेलं नाही, कोणी बघत नसतानाही हात पुढे जात नाही. पण दिगंबरराव हे काही माझ्या नवऱ्याचं नाव नव्हतं! त्याला घरात कोणी पूर्वज नव्हते, बारशाला कोणी ते कानात सांगितलं नव्हतं. ते मला मोठ्यानं घेता येई. मी स्वयंपाकघरातून हाक मारी, "दिगंबरराव, पानं वाढलीत!" आणि बाहेरून उत्तर येई, "आलो, आलो, एवढं प्रेत झाकून ठेवतो!" लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर मला माझ्या माणसाला नावानं हाक मारायला मिळाली. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी त्या गोष्टी कोणाला पोटात घालू देणार नाही.

गोष्ट हे जेवता जेवता रचत. पानात मीठ, लिंबू, लोणचं, भाताची मूद, सगळं ज्याच्या त्याच्या जागी. यांच्या लेखी तो बंगल्याचा नकाशा. मीठ म्हणजे मालक, "कारण त्याच्यावाचून कोणाचं चालत नाही असं त्याला वाटतं." लोणचं म्हणजे मालकीण, "मुरलेली आहे." लिंबाची फोड म्हणजे मोलकरीण, "तिला सगळे पिळतात." भाताची मूद ही तिजोरी. मी वाढायला वाकले की हात आडवा यायचा. "अगं, मिठाला धक्का लावू नकोस. तो अजून जिन्यात उभा आहे." तोवर वरण निवून जाई आणि मी पुन्हा चुलीवर ठेवी. कित्येक खून माझ्या वरणाच्या दोन कढांमध्ये झालेले आहेत.

त्या वर्षीची गोष्ट एका हाराची होती. मोठ्या घरातला हार नाहीसा होतो, सगळ्यांचा संशय मोलकरणीवर जातो, आणि तो हार मालकानंच लपवलेला असतो. कापसाच्या सट्ट्यात बसलेला खड्डा बुजवायला तो बायकोचा दागिना तिजोरीतून गुपचूप काढून विकायला ठेवतो आणि वर चोरीचा बोभाटा करतो. हा शेवट दोघांनाच ठाऊक होता, यांना आणि मला. पानावर बघितलं तर मीठ पहिल्या दिवसापासून भाताला टेकून बसलेलं होतं.

मासिक आलं की बंगल्यात वाचन असे. दुपारी, पुरुषमंडळी कोर्टकचेरीत असताना. दिवाणखान्याच्या मोठ्या दाराला छतापासून जमिनीपर्यंत वाळ्याची ताटी. आत अंधार, गारवा, वर ओढायचा पंखा. मालगुजारांच्या पत्नीला सगळे बाईसाहेब म्हणत. त्या गादीवर आडव्या व्हायच्या. त्यांची नणंद अक्का मोठ्यानं वाचायची. आजूबाजूच्या वकीलणी, डॉक्टरीणबाई गोळा व्हायच्या. मीही जाई आणि दारालगत बसे.

ताटीच्या बाहेर सगुणा. तिचं काम ताटी भिजवणं. विहिरीवरून बादल्या आणायच्या आणि तांब्यातांब्यानं पाणी मारत राहायचं. डोक्यावर ओला पदर, पायाखाली तापलेली फरशी, वर ते नागपूरचं ऊन. मी एकदा यांना विचारलं होतं, "तुम्ही असं शिकवता तरी काय, की कमिटीला एवढा राग यावा?" तेव्हा यांनी आमच्या खिडकीतून बोट दाखवलं. "ती बघ. भिजवणारी उन्हात आणि गारवा आतल्यांना. एवढंच माझं शास्त्र. बाकी सगळे आकडे."

सगुणा गोष्ट ऐकायची. आत अक्का रंगात यायची तसं बाहेरचं पाणी हळू पडायचं, आणि ऐन घोटाळ्याच्या जागी तर अगदी थांबायचं. मग आतून ओरडा व्हायचा. "सगुणा, ताटी वाळली वं! पाणी मार!"

दुसरं प्रकरण आलं तेव्हाचं बोलणं माझ्या कानांत आहे.

"मी सांगते, मोलकरणीनंच घेतला हार," बाईसाहेब म्हणाल्या.

"नाही तर दुसरं कोण घेणार वं?" अक्का म्हणाली.

"आमच्या मागच्या बाईनं सांडशी नेली होती," डॉक्टरीणबाईंनी साक्ष दिली.

"अगं, सांडशी आणि हार एक का?"

"हात तर तोच न!"

सगळ्या हसल्या. बाहेर तांब्या बादलीवर आपटल्याचा आवाज झाला. मला शेवट ठाऊक होता आणि मी तोंडातली सुपारी चघळत बसले.

दुसऱ्या दिवसापासून बंगल्यात एक नवीन रीत पडली. संध्याकाळी घरी जाताना सगुणेनं मागच्या दारात उभं राहून पदर झटकून दाखवायचा. कमरेचा ओचा सोडून दाखवायचा. मग आणखी दोन घरांतही तसंच सुरू झालं. कोणी कोणावर आळ घेतला नव्हता. कोणाचं काही हरवलंही नव्हतं. हार हरवला होता तो गोष्टीत.

सगुणा मला विहिरीवर भेटली. कळशी काठावर ठेवून तिनं विचारलं, "बाई, थ्या गोष्टीतल्या बाईनं खरंच घेतला का जी हार?"

"मला काय माहीत, सगुणा."

"तुम्ही तर आत बसता. मी भाईरून ऐकून राहिली. अर्धं ऐकू येते, अर्धं पान्यात जाते." तिनं पोहरा विहिरीत सोडला. "थो लिहिनारा मानूस चांगला दिसते. पन त्यानं तिले असं काहून अडकवून ठेवलं? लवकर सोडव म्हना त्याले. तिच्यापायी माहा पदर रोज झटकून राहिले ह्या."

त्या दिवशी पानावर मी ते यांना सांगितलं. यांचा घास हातातच राहिला. "खरंच झटकायला लावतात?" यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मग म्हणाले, "शेवट लिहून झालाय. पुढच्या अंकात सुटेल ती. वाजतगाजत सोडवतो."

चैत्र भरात आला. कडुनिंबाला मोहोर आला. अंगणभर बारीक पांढरी फुलं पडत, आणि दुपारच्या झळेत त्यांचा कडसर गोड वास घरभर फिरे. उन्हाची सवय नसलेल्या माणसाला नागपूरचा चैत्र म्हणजे वैशाखच वाटतो. असल्या एका दुपारी अमरावतीहून मासिकाचे संपादक आले. झळ लागू नये म्हणून डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा. मी पन्हं करून दिलं आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले.

"दिगंबरराव, शेवट वाचला. झकास! पण छापता येत नाही."

"काहून?" हे चिडले की यांच्या तोंडी वऱ्हाडी येई.

"मासिक कोण घेते? वकील, डॉक्टर, मालगुजार. वाचतात त्यांच्या बायका. घरचा मालकच चोर निघाला तर आमचा अंक त्या घरात पुन्हा जाईल का? मोलकरणीलाच चोर करून टाका. सगळ्यांना तेच वाटून राहिलं आहे. वाचकाला वाटतं ते खरं निघालं की वाचक खूश."

"आणि नाही केलं तर?"

"तुम्ही मोठे विद्वान. आमच्याकडे गोष्टी लिहिणारे दुसरेही आहेत." पन्ह्याचा पेला खाली ठेवून ते म्हणाले, "पन्हं उत्तम झालंय. गूळ आहे न?"

टांगा गेला. यांच्या मागे यांचा मोठा ग्रंथ कापडात बांधून ठेवलेला होता. इंग्रजीत लिहीत होते. मजुराच्या घामाचा भाव कोण ठरवतं, असा काहीसा त्याचा विषय. तो पुरा व्हायला अजून एक वर्ष तरी शांतपणे जेवायला मिळायला हवं होतं. त्यांना मी दोष देत नाही, आणि दुसऱ्या कोणालाही देऊ देणार नाही. कमिटीला नाही म्हणणं सोपं होतं, ती समोर बसलेली होती. तांदळाचा रिकामा डबा समोर बसत नाही. तो मागे उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी मी पान वाढलं. वाढून वळले आणि परत बघितलं, तर लिंबाची फोड उचलून भाताशेजारी ठेवलेली होती.

"लिंबू तिजोरीपाशी कसं गेलं?" मी विचारलं.

"गेलं."

"आपोआप?"

हे भातात बोटं फिरवत राहिले. "अगं, गोष्ट आहे ती. एवढा एक हार तिच्या पदरात टाकतो. आपलं वर्ष निघेल, ग्रंथ पुरा होईल. त्या ग्रंथात सगळा न्याय तिच्याच बाजूनं मांडलाय की मी!"

"तो ग्रंथ सगुणा वाचणार आहे का?"

"ती बिचारी काहीच वाचत नाही."

"गोष्ट ऐकते," मी म्हटलं.

हे अर्ध्या पानावरून उठले. एवढं उलट मी यांना कधी बोलले नव्हते. हात धुऊन ते लिहायला बसले. यांची लेखणी खुशीत असली की करकर वाजे, स्वयंपाकघरात ऐकू येई. त्या दुपारी आत नुसतं कागद उलटल्याचं ऐकू येत होतं.

त्याच आठवड्यात बंगल्यात चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. गौर झोपाळ्यावर बसवलेली, भोवती टरबुजाच्या कोरलेल्या फोडी, मोगऱ्याचे गजरे, डाळ आणि पन्हं. हातावर अत्तर, अंगावर गुलाबपाणी, ओटीत भिजवलेले हरभरे. रेशमी लुगड्यांची सळसळ आणि ताटीचा गारवा. बाहेर सगुणेचा तांब्या चालू होता. बायका इतक्या होत्या की ती सकाळपासून थांबली नव्हती.

उन्हं उतरली तशी ती मागच्या दाराशी आली. घरी लेकरू तापानं पडलं होतं म्हणून लवकर जायचं होतं. बाईसाहेब बसल्या जागेवरून म्हणाल्या, "अक्का, पदर बघून घ्या हो. आज घरात सगळ्या दागिन्यांच्या बायका आहेत."

सगळ्यांच्या माना वळल्या. सगुणेनं पदर डोक्यावरून काढला, दोन्ही हातांनी धरला आणि झटकला.

त्यातून कडुनिंबाची फुलं पडली. दिवसभर झाडाखालून बादल्या आणत होती, ओल्या पदराला चिकटली असतील. पांढरी, बारीक, मूठभर. स्वच्छ फरशीवर ती पसरली आणि कोणीतरी फिसकन हसलं. सगुणा वाकून ती वेचू लागली. "राहू दे वं," अक्का म्हणाली, "आणि जाण्याआधी ताटीवर एक बादली आणखी मार." सगुणा बाहेर गेली.

मग नावं घेणं सुरू झालं. एकीनं घेतलं, दुसरीनं घेतलं, डॉक्टरीणबाईंनी लांबलचक घेतलं. माझ्यावर पाळी आली तशी मी नेहमीप्रमाणे मान खाली घातली.

"प्रोफेसरीणबाई, घ्या न नाव."

"त्या नाही घ्यायच्या. लाजाळूचं झाड आहे ते."

"नोकरी गेली म्हणून नाव पण गेलं का वं?" कोणीतरी मागून म्हणालं, आणि हसू उठलं.

फरशीवर दोन फुलं राहिली होती. मी त्यांच्याकडे बघत होते. बाहेर बादली उपडी होऊन पाणी ताटीवर सळसळत उतरलं आणि गारव्याची एक झुळूक माझ्या तोंडावर आली. ती मला सोसली नाही. मी उभी राहिले. उभं राहून नाव घेण्याची रीत नाही, पण बसून माझा आवाज निघाला नसता.

"वाळ्याची ताटी भिजवते सगुणा, गारवा घेतो सारा गाव;
हार मालकानंच लपवला, सांगतात दिगंबरराव."

पंखा ओढणारासुद्धा थांबला.

"दिगंबरराव?" अक्का म्हणाली. "ते गोष्टीवाले? त्यांचं नाव तुम्ही काहून घेता?"

"नवऱ्याचंच घेतलं," मी म्हटलं.

"आणि हार...?"

"मालकानं काढला. सट्ट्यात हरला म्हणून. पुढच्या अंकात येईल." येईल की नाही हे मला ठाऊक नव्हतं. घरी लेखणी दुसरंच लिहीत होती. पण बोलून गेले, आणि मग खाली बसले.

बाहेर पाण्याचा आवाज थांबला होता. "ताटी वाळली" असं कोणी ओरडलं नाही.

कोपऱ्यात एक म्हाताऱ्या वकीलणबाई होत्या. दात नव्हते, ऐकायलाही कमी येई. त्यांनी शेजारणीला विचारून सगळं समजून घेतलं आणि मग मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई! म्हणजे झडती मालकाची घ्यायला पाहिजे होती!" एक हसली, दोघी हसल्या, मग गौरीसमोर नुसता हशा झाला. बाईसाहेब हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या ओटीत हरभरे घातले ते वरून सोडले, हाताला हात लागू दिला नाही.

घरी आले तेव्हा हे लिहीतच होते. मी उंबऱ्यातच उभी राहिले.

"मी नाव घेतलं," मी म्हटलं.

"कोणाचं?"

"दिगंबररावांचं."

मी उखाणा म्हणून दाखवला. यांनी चष्मा काढला. "पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हटला. "सारी धंतोली होती?"

"सारी."

हे खुर्चीतून उठले आणि इतके हसले की ठसका लागला. मी पाणी दिलं. "आता मी काय करणार?" ते म्हणाले. "शेवट तर तू प्रसिद्ध करून टाकलास! माझं सगळं शास्त्र दोन ओळींत बसवलंस आणि वर मलाच साक्षीदार केलास." लिहिलेली पानं त्यांनी आडवी फाडली. रात्रीच्या पानावर लिंबू आपल्या जागी होतं. मीठ भाताला टेकलेलं.

संपादकांना मग तोच शेवट छापावा लागला, कारण तो शहरात आधीच फिरत होता. दुसरा छापला असता तर लोकांनी त्यांनाच जाब विचारला असता. त्यांनी छापला, आणि दिगंबररावांची पुढे एकही गोष्ट घेतली नाही. बंगल्यातून निरोप आला, खोल्या रिकाम्या करा. अक्षयतृतीया झाली आणि आम्ही भांडीकुंडी बैलगाडीत घालून सक्करदऱ्याला तलावाच्या बाजूला, मातीच्या भिंतींच्या घरात आलो. यांच्या भावानं बोलणं टाकलं. तो म्हणाला, संपवाल्यांत गेलास ते एकवेळ समजू शकतो, पण गोष्टी? ग्रंथाला आणखी कितीतरी वर्षं लागली. मधल्या काळात यांनी मुलांच्या शिकवण्या केल्या, मी पापड लाटले. मला यातल्या एकाही गोष्टीचं वाईट वाटत नाही. पुन्हा ती गौर मांडली, पुन्हा ती फुलं पडली, तर मी पुन्हा उभी राहीन, आणि तेव्हा आवाज आणखी चढा लावीन.

धंतोलीत मात्र ती वकीलणबाईंची थट्टा टिकली. कोणी मोलकरणीच्या पदराकडे बघितलं की दुसरी म्हणे, "आधी मालकाची पेटी उघडा वं!" थट्टेपुढे झडतीचं चालेना. पदर झटकणं आपोआप बंद पडलं. हे मला सगुणेनंच सांगितलं. तीही पुढे बंगला सोडून संत्री भरायच्या कामाला लागली आणि एका सुट्टीच्या दुपारी पत्ता काढत सक्करदऱ्याला आली.

"बाई," दारातूनच म्हणाली, "अर्धी गोष्ट पान्यात गेली होती. आता पुरी आयकवा."

तेव्हापासून आमच्या घराची एक रीत आहे. ताटी भिजवेल तो नंतर आत येऊन बसेल, आणि आत बसलेला बाहेर जाईल. एक बादली तिची, एक माझी. हे घरी असले की यांचीही पाळी येई. धोतर खोचून, चष्म्यावर शिंतोडे घेत उन्हात उभे राहायचे आणि आतून सगुणा म्हणायची, "वरतून मारा जी, वरतून! तुमचं पानी बुडाशीच जाते." ऊन टोचू लागलं की हे म्हणत, "कमिटीतल्या लोकांना एकेक बादली द्यायला हवी होती. मला भाषण करावं लागलं नसतं."

आता मला हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही. नाव घे असं कोणी म्हणत नाही. नको म्हणू देत. ते एकदा घेतलं, तेवढं जन्माला पुरलं.

काल दुपारी वामनराव आले. सभेत ठरल्याप्रमाणे यांचे कागद न्यायला. सगुणा आलेली होती, भिंतीला टेकून बसली होती. आता तिचेही केस पिकलेत. वामनराव घामाघूम होऊन आत शिरले, गारव्यात टेकले आणि "वा!" म्हणाले.

"काकू, ग्रंथाचे आणि व्याख्यानांचे कागद तेवढे द्या. गोष्टींचे राहू द्या. सरांच्या नावाला ते..."

"सरांचं नाव मी चारचौघींत घेतलेलं आहे," मी म्हटलं. खांब नव्हता, तरी आवाज निघाला. "न्यायचं तर सगळं न्या. नाही तर काहीच नाही."

ते गडबडले. "मी त्या वाचलेल्या नाहीत, खरं सांगतो."

"मग ऐका. पण ताटी वाळत आली आहे. आधी ती भिजवा. बाहेर बादली आहे."

ते सगुणेकडे बघू लागले. सगुणा हलली नाही. "मी आत्ताच मारून आली," ती म्हणाली. "आता तुही पाळी."

वामनरावांनी कोट काढून खुंटीला अडकवला आणि बाहेर गेले. पहिले दोन तांबे त्यांनी स्वतःच्याच पायांवर मारले. मी पेटी उघडली, हाराच्या गोष्टीचं जुनं मासिक काढलं आणि वाचायला लागले. मोठ्यानं, ताटीपलीकडे ऐकू जाईल असं. माझं वाचणं अजून शाळेतल्यासारखंच आहे, शब्दावर बोट ठेवून. हार नाहीसा झाला. मोलकरणीला दिवाणखान्यात उभं केलं. मालक जिन्यात थांबला.

बाहेरचं पाणी हळू झालं. मग थांबलंच.

"काकू," ताटीतून आवाज आला, "मग हार घेतला कोणी?"

मी पान उलटायला थांबले. सगुणेनं पाय पसरले आणि डोळे मिटले.

"पानी मार गा बाबू," ती म्हणाली. "समजन तुले."